कडेला रबर की तार?

भुसावळचा भाचा घरामागच्या शेडमध्ये दोन सीटची गाडी बांधतोय. परवा फोन आला, "मामा, मडगार्डच्या कडेला रबर लावू की तार भरून वळवू?"

ब्रिटनमध्ये घरी बांधलेल्या गाडीच्या तपासणीत बाहेरच्या कडेला किमान २.५ मिमी त्रिज्येची गोलाई बघतात. आम्ही तेच माप धरलं.

१ मिमी पत्रा ३ मिमी तारेवर वळवला की बाहेरून ५ मिमी, म्हणजे त्रिज्या बरोबर २.५. नुसता दुमडून चपटा केला तर जेमतेम १; तो नापास. पण तारेसाठी सात-आठ मिमी पत्रा आधीच जास्त सोडावा लागतो, कापल्यावर आठवून उपयोग नाही. चाकाच्या कमानीत पत्रा ताणतो, घाई केली की चिरतो. माझा पहिला असाच गेला, वांग्याच्या देठासारखा फाटला. हातोडी हलकी, ठोके जास्त. कड मात्र ताठ होते, पत्रा थरथरत नाही.

रबराची पट्टी तासाभरात बसते, खर्चही कमी. पण ती हाताने ओढली तर निघता कामा नये, म्हणून आत चिकटवायचीच. खानदेशातल्या मे महिन्यात ती कडक होते, पावसाळ्यात खाली पाणी धरते. आधी कडेला रंग हवाच.

फायबरचं पॅनल असेल किंवा पत्रा आधीच मापात कापला असेल, तर रबर. पत्रा अजून कापायचा असेल आणि गाडी वर्षानुवर्षं उन्हात उभी राहणार असेल, तर तार. भाच्याचा कापून झालाय.