हर्ग चाचणी कशावर करायची: मॅन्युअल पॅच, ऑटोमेटेड पॅच की स्टेम सेलच्या हृदयपेशी?

ॲलर्जीवरचं टरफेनाडीन १९९८ मध्ये अमेरिकेच्या बाजारातून गेलं, छातीतल्या जळजळीवरचं सिसाप्राइड २००० मध्ये. दोघांचा दोष एकच. हृदयपेशीतला हर्ग हा पोटॅशियम चॅनेल (पेशीच्या आवरणातली पोटॅशियमची वाट) अडायचा, ईसीजीतलं क्यूटी अंतर (हृदयाचे खालचे कप्पे उत्तेजित होऊन पुन्हा शांत होईपर्यंतचा वेळ) लांबायचं आणि काही रुग्णांत जीवघेणी लय सुरू व्हायची. त्यामुळे हर्ग तपासायचा की नाही हा प्रश्न आता उरलेला नाही. पद्धत तेवढी निवडायची असते. पॅच क्लॅम्प म्हणजे पेशीच्या चॅनेलमधून वाहणारा विद्युतप्रवाह, म्हणजेच करंट, मोजणं; ते यंत्राने (ऑटोमेटेड) किंवा हाताने (मॅन्युअल) करता येतं.

शंभर-दोनशे रेणूंची क्रमवारी लावायची असेल तर ऑटोमेटेड पॅच क्लॅम्प घ्या. ३८४ खाचांच्या प्लेटवर एकाच वेळी मोजमाप होतं. पण याच यंत्रावर सगळ्यात फसवी चूक होते: तेलकट रेणू प्लास्टिकला चिकटतो, पेशीपर्यंत कमी पोहोचतो, आयसी५० (चॅनेल निम्मा अडवणारी मात्रा) मोठा दिसतो आणि धोकादायक रेणू सुरक्षित वाटतो. द्रावणं काचेच्या कुप्यांत बनवा, तीच मात्रा खाचेत दोन-तीनदा ताजी घाला आणि शेवटी खाचेतलं द्रावण एलसी-एमएस या औषधाचं प्रमाण मोजणाऱ्या यंत्रावर मोजा. आयसी५० काढताना ही मोजलेली मात्रा धरा, कागदावरची नाही. करंट आपोआपही ओसरतो, म्हणून नुसत्या डीएमएसओच्या (औषध विरघळवणारा द्रव) खाचा शेवटपर्यंत सोबत चालवा. अखेरीस ई-४०३१ या रसायनाने चॅनेल पूर्ण बंद करून उरलेली गळती वजा करा.

नियामकाकडे जाणाऱ्या एक-दोन रेणूंसाठी मॅन्युअल पॅचच बरा. पिपेट (पेशीला लावायची काचेची सूक्ष्म नळी) २ ते ४ मेगाओहम, सील (नळी आणि पेशीचा घट्ट जोड) १ गिगाओहमच्या वर, तापमान ३५ ते ३७ अंश. पेशी −८० मिलिव्होल्टवर धरून ५०० मिलिसेकंद +४० वर न्यायची, मग १०० मिलिसेकंदांत उतरणीने परत −८०. दर ५ सेकंदांनी हेच. काम संथ आहे, हात तयार लागतो.

आकडा हातात आला की तो रक्तातल्या मुक्त औषधाशी ताडा. सीमॅक्स (रक्तातली औषधाची सर्वोच्च पातळी) १ मायक्रोमोलर आणि ९५ टक्के प्रथिनांना बांधलेलं, म्हणजे मुक्त ०.०५. आयसी५० ३ असेल तर अंतर ६० पट, नेहमीच्या ३० पट मर्यादेच्या बरंच पुढे. एकूण सीमॅक्सशी ताडलंत तर हेच अंतर ३ पट दिसेल आणि चांगला रेणू हकनाक बाद होईल.

स्टेम सेलपासूनच्या हृदयपेशी महाग आणि नाजूक. हर्ग अडवणारा रेणू इतर चॅनेलही अडवत असेल, तेव्हा मात्र त्या घ्याव्यातच. व्हेरापामिल हर्ग चांगलाच अडवतं, पण कॅल्शियम चॅनेलही अडवत असल्याने क्यूटीचा धोका फारसा उरत नाही. हा समतोल एकट्या हर्गवर कधीच कळणार नाही. प्लेट इन्क्युबेटरबाहेर काढताच ठोके बदलतात. यंत्रावर ठेवून ते स्थिर होईपर्यंत थांबा, मगच औषध घाला.

पेंटामिडीनसारखं औषध चॅनेल अडवत नाही, चॅनेलला पेशीच्या पृष्ठभागावर पोहोचूच देत नाही. काही मिनिटांच्या पॅचमध्ये ते निर्दोष दिसतं. अशी शंका असेल तर पेशी रात्रभर औषधात ठेवून मगच करंट मोजा.