लाल पाण्याचे अठराशे रुपये

हायवेवर कुणी "साहेब, डिझेलला लाल कुलंटच लागतं" असं ठामपणे सांगायला लागलं, तर गाडी चालू करून निघून जा. सोलापूर–धुळे महामार्गावर, बीडच्या अलीकडे, एका गॅरेजात मला हेच सांगून गंडवलं. कुलंट म्हणजे इंजिन थंड ठेवायला रेडिएटरमध्ये भरतात तो रंगीत द्रव.

गाडी जुनी डिझेल टेम्पो ट्रॅव्हलर. सीटा काढून आत दोन पलंग, शेगडी, पाण्याची टाकी बसवून घेतलीय. घृष्णेश्वर झालं होतं, परळी आणि औंढा बाकी. एप्रिलचं ऊन, पारा चाळिशीपार, त्यात हे सगळं वजन. आम्ही थांबलो होतो नुसती टायरची हवा बघायला. जेवणं उरकेपर्यंत गाडी निवली, तसं तिथल्या मेकॅनिकनं कुलंटच्या टाकीत बोट बुडवून तोंड वाकडं केलं. "हे हिरवं पेट्रोल गाडीचं. डिझेल जास्त तापतं. इंजिन बसलं तर लाखाचं काम आहे बघा." मागून सासूबाई म्हणाल्या, "जावईबापू, टाका बदलून. वाटंत कुठं बसता?"

हिरवं कुलंट त्यानं स्वच्छ बादलीत काढलं आणि जपून आत नेलं. टाकाऊ माल इतका जपून कोण नेतं? ते पुढच्या कुणाच्या तरी गाडीत गेलं असणार, कारण ते चांगलं होतं, याच हिवाळ्यात भरलेलं. मग आतून 'इम्पोर्टेड' म्हणून लाल कॅन आला. झाकण आधीच सैल. अठराशे कुलंटचे, तीनशे मजुरीचे. पावती म्हणून वहीचा कागद, त्यावर नुसतं "कुलंट + काम".

मांजरसुंब्याच्या घाटात इंजिनाच्या तापमानाचा काटा वर सरकायला लागला. एसी बंद, काचा खाली, थांबत थांबत अंबाजोगाई गाठली. तिथं ओळखीतला एक पोरगा डिझेल गाड्यांचं काम करतो. त्यानं रिफ्रॅक्टोमीटरच्या, म्हणजे द्रव किती अंशांवर गोठेल ते दाखवणाऱ्या नळीच्या, काचेवर एक थेंब ठेवला आणि मला डोळा लावायला सांगितलं. निम्मं कुलंट, निम्मं पाणी असेल तर रेघ उणे ३५ अंशांच्या आसपास दिसते; माझी शून्यावर बसली होती. दुसरा थेंब त्यानं उन्हात स्टीलच्या ताटलीवर टाकला. बघता बघता वाळला आणि मागे पांढरं कडं राहिलं. खरं कुलंट असं वाळत नाही, चिकट राहतं. "काका, हे बोअरचं पाणी आहे. रंग टाकलाय."

कुलंट थंडीत गोठत नाही हे खरं, पण आपल्याकडे बर्फ कुठला पडतोय, मग पाणीच का नको, असं बरेच जण म्हणतात. निम्म्या मिश्रणाचा उत्कलनबिंदू पाण्यापेक्षा सहा-सात अंश वर असतो, पण खरी किंमत आहे ती त्यातल्या गंजरोधक रसायनांची. मराठवाड्याच्या काळ्या दगडातून येणारं बोअरचं पाणी जड, कॅल्शियम-मॅग्नेशियमनं भरलेलं. त्याचे थर रेडिएटरच्या नळ्यांत आणि इंजिनाच्या वरच्या भागात, हेडमध्ये, साचतात आणि उष्णता बाहेर पडू देत नाहीत. वेट लायनरच्या, म्हणजे सिलिंडरच्या नळीला (लायनरला) बाहेरून थेट कुलंट लागतं अशा, मोठ्या डिझेल इंजिनात तर आणखी वाईट: प्रत्येक स्फोटाला लायनर थरथरतो, बाहेरच्या बाजूला बारीक बुडबुडे होऊन फुटतात आणि लोखंडाला खड्डे पाडतात. अशा इंजिनाला हे रोखणारी रसायनं असलेलं कुलंटच हवं.

रंगाचं म्हणाल तर तो कंपनी आपल्या मर्जीनं टाकते. लाल, हिरवा, निळा, कशालाच ठरलेला अर्थ नाही. बघायचं ते गाडीच्या पुस्तकात आणि कॅनच्या लेबलवर. आयएस ५७५९ हे भारतीय मानक, जड डिझेल इंजिनांसाठी एएसटीएम डी ६२१० हे अमेरिकन मानक. जुन्या प्रकारचं, सिलिकेट-फॉस्फेटवालं, साधारण दोन वर्षं चालतं. सेंद्रिय आम्लांवालं पाचेक वर्षं. दोन प्रकार एकमेकांत मिसळू नयेत. लेबलवर 'रेडी टू यूज' असेल तर त्यात पाणी घालायचं नाही, कॉन्सन्ट्रेट असेल तर बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड पाणी मिसळायचं, नळाचं नाही. आणि इंजिन गरम असताना रेडिएटरचं झाकण कुणालाही उघडू देऊ नका, मेकॅनिक कितीही घाईत असला तरी.

त्या पोरानं रेडिएटर धुऊन नवं कुलंट भरलं, काटा जागेवर आला. परतीला मी त्या गॅरेजवर गेलो. मालक म्हणाला, "माल कंपनीचाच होता, वाटेत तुम्हीच पाणी टाकलं असंल." माझ्या कागदावर ना गॅरेजचं नाव, ना कॅनचा ब्रँड, ना तारीख. ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे, पण असल्या चिठोऱ्यावर तक्रार टिकवणार कशी?

कॅन दुकानातून स्वतः घ्या, ब्रँड लिहिलेलं पक्कं बिल घ्या, झाकणाखालचा सीलचा कागद स्वतः फाडा. ओतून झाल्यावर रिकामा कॅन गॅरेजात ठेवू नका, पेचकसानं भोक पाडूनच टाका. रंगीत पाणी विकणाऱ्याला असलेच लेबलवाले कॅन हवे असतात.