आइसचं ‘ऑनलाइन डिटेनी लोकेटर’: चांगलं आहे, पण पहिले दोन दिवस उपयोगाचं नाही

दांडिया बाजार घ्या की कारेलीबाग, बडोद्यातल्या मराठी घरांत कुणाचा ना कुणाचा मुलगा, भाची, जावई अमेरिकेत असतोच. रूममेटचा मेसेज येतो, ‘पोलिसांनी गाडी थांबवली, रात्रीपासून फोन बंद आहे.’ की लगेच फॅमिली ग्रुपवर कुणीतरी लिंक टाकतं: लोकेटर डॉट आइस डॉट गव्ह. अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्याची, म्हणजे आइसची, ताब्यात घेतलेली माणसं शोधायची ही साइट 2010 पासून चालू आहे. फुकट आहे, लॉगिन लागत नाही. इथला कुणी एजंट ‘शोधून देतो’ म्हणून पैसे मागत असेल तर तो हीच साइट उघडून बघणार आहे.

साइट वाईट नाही. लोक ती चुकीच्या वेळी उघडतात आणि चुकीच्या अक्षरांनी शोधतात. मग ‘रेकॉर्ड सापडलं नाही’ दिसलं की अर्धं घर सुटलो म्हणतं आणि अर्धं घर हवालदिल होतं. खरं तर त्या ओळीवरून दोन्हींपैकी काहीच ठरत नाही.

मुळात ती दाखवते काय? सध्या आइसच्या ताब्यात असलेली माणसं, आणि सीमेवर पकडून सीबीपीकडे, म्हणजे सीमा आणि कस्टम्स सांभाळणाऱ्या खात्याकडे, 48 तासांपेक्षा जास्त काळ असलेली माणसं. वय 18 च्या खाली असेल तर नाव येतच नाही. शहर पोलिसांच्या कोठडीतला किंवा काउंटीच्या (आपल्या जिल्ह्यासारख्या भागाच्या) शेरीफच्या, म्हणजे तिथल्या निवडून आलेल्या पोलीसप्रमुखाच्या, जेलमधला माणूस इथे दिसत नाही. आणि गाडी थांबवून सुरू झालेल्या प्रकरणात मुलगा आधी नेमका तिथेच असतो.

स्थानिक पोलीस आणि आइस यांचा सांधा कुठे आहे हे कळलं की साइट केव्हा उघडायची तेही कळतं. इमिग्रेशन हा केंद्राचा विषय. शेरीफ किंवा शहराचा पोलीस केंद्राचा नोकर नाही. पण अटक करून जेलमध्ये बुकिंग, म्हणजे नोंद, झाली की बोटांचे ठसे घेतात. ते एफबीआयकडे जातात आणि तिथून आपोआप इमिग्रेशनच्या डेटाबेसला लागतात. 2008 मध्ये सुरू झालेली ही जोडणी 2013 पर्यंत देशभर पोचली. यात शेरीफचं मत कुणी विचारत नाही. आइसला माणूस हवा असेल तर ती जेलला डिटेनर पाठवते, फॉर्म आय-247ए: सुटायची वेळ झाली तरी आणखी 48 तासांपर्यंत धरून ठेवा. सोबत वॉरंट असतं, आय-200 किंवा आय-205, पण त्यावर सही आइसच्याच अधिकाऱ्याची असते, न्यायाधीशाची नसते. 2014 मध्ये तिसऱ्या सर्किटच्या, म्हणजे काही राज्यांपुरत्या, केंद्रीय अपील कोर्टानं डिटेनर ही विनंती आहे, हुकूम नाही, असा निकाल दिला. तेव्हा तो पाळायचा की नाही हे राज्याच्या आणि काउंटीच्या धोरणावर येतं. टेक्सासात 2017 च्या एसबी 4 या कायद्यानं तो पाळणं जेलवर बंधनकारक केलं. कॅलिफोर्नियाच्या एसबी 54 नं आणि इलिनॉयच्या ट्रस्ट ॲक्टनं नुसत्या डिटेनरच्या जोरावर माणूस डांबून ठेवायला मनाई केली.

याच्या पुढची पायरी म्हणजे 287(जी). 1996 च्या कायद्यातलं हे कलम; करार करून स्थानिक पोलिसांना इमिग्रेशन अधिकाऱ्याचे काही अधिकार देता येतात. दोन प्रकार जेलच्या आतले: एकात कैद्याची चौकशी करून कागद तयार होतात, दुसऱ्यात फक्त आइसचं वॉरंट बजावतात. तिसरा टास्क फोर्सचा, ज्यात रस्त्यावर गाडी थांबवणारा पोलीसच व्हिसाची चौकशी करू शकतो. तो 2012 मध्ये बंद झाला होता, जानेवारी 2025 च्या आदेशानंतर पुन्हा सुरू झाला. 2025 च्या सुरुवातीला दीडशेच्या आत असलेले करार वर्ष संपेपर्यंत हजाराच्या वर गेले. करार केलेल्या खात्यांची यादी आइस आपल्या साइटवर एक्सेल फाइलमध्ये टाकते आणि आमच्या मते ती फाइल लोकेटरपेक्षा जास्त कामाची आहे. मुलगा राहतो ती काउंटी त्यात आहे का, कुठल्या प्रकारात आहे, हे आजच, काही घडायच्या आधी, बघून ठेवा. शेजारशेजारच्या काउंट्यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो, शिवाय तो निवडणुकीनं बदलतो: फोर्ट वर्थच्या टॅरंट काउंटीत 2017 पासून करार आहे, तर अटलांटाजवळच्या ग्विनेट काउंटीत नव्या शेरीफनं जानेवारी 2021 मध्ये तो रद्द केला.

म्हणून पहिला शोध काउंटीच्या जेलच्या यादीत. शेरीफच्या साइटवर ‘इनमेट सर्च’ किंवा ‘जेल रोस्टर’ असतं. नसेल तर बऱ्याच काउंट्या व्हाइनलिंक या कैद्यांची माहिती देणाऱ्या साइटवर सापडतात. शहराच्या नावावर विसंबू नका. डॅलस शहर एकापेक्षा जास्त काउंट्यांत पसरलंय, तेव्हा अटक झाली त्या जागेच्या झिपकोडवरून काउंटी काढा. शहर पोलिसांच्या कोठडीतून काउंटी जेलला पाठवेपर्यंत नाव कुठेच नसतं. त्या काळात फोन करायचा तो त्या शहराच्या पोलीस खात्याला. यादीत बुकिंग नंबर, कलम आणि जामिनाची रक्कम असते. ‘होल्ड’ (आइससाठी धरून ठेवा) किंवा ‘इमिग्रेशन डिटेनर’ असा शेरा आहे का ते आवर्जून बघा.

सगळ्यात महाग चूक इथेच होते. जामीन थोडक्या रकमेचा दिसतो, तिकडचा मित्र धावत जाऊन भरतो, आणि सगळे सुटकेची वाट बघत बसतात. होल्ड असेल तर जामीन भरल्यावर माणूस घरी येत नाही. काउंटीचा हिशेब मिटतो, डिटेनरचे 48 तास सुरू होतात आणि आइसची गाडी येते. मग काउंटीच्या कोर्टाची तारीख येते तेव्हा तो भलत्याच ठिकाणी अडकलेला असतो आणि साध्या ट्रॅफिकच्या केसला गैरहजेरी लागते. होल्ड दिसला की आधी इमिग्रेशनचा वकील, मग जामीन. फौजदारी केसमध्ये ऐपत नसेल तर सरकारी वकील मिळू शकतो. इमिग्रेशनच्या केसमध्ये वकील लावायचा हक्क आहे, पण पैसे आपले.

शेरीफच्या यादीतून नाव गेलं की लोकेटर उघडायचं. दोन रस्ते आहेत: ए-नंबर आणि जन्मदेश, किंवा नाव, आडनाव आणि जन्मदेश. ए-नंबर म्हणजे इमिग्रेशन खात्यानं परदेशी माणसाला दिलेला नंबर; तो नऊ आकडी असतो, कमी आकडे असतील तर पुढे शून्यं लावा. ओपीटीचं, म्हणजे शिक्षणानंतर काम करायच्या परवानगीचं, कार्ड असलेल्या मुलाकडे तो असतो, कार्डावर ‘यूएससीआयएस नंबर’ म्हणून छापलेला. नुकत्याच गेलेल्या विद्यार्थ्याकडे बहुधा नसतो. आइसनं केस उघडली की मिळतो आणि हजर राहण्याच्या नोटिशीवर, आय-862 वर, दिसतो.

नावानं शोधताना मात्र साइट अगदी हट्टी आहे. एक अक्षर इकडेतिकडे झालं तरी काही दाखवत नाही, जवळपासचं नावही सुचवत नाही. बडोद्यात हे फार नडतं. गायकवाड कुणी ‘जीएआय’नं लिहितं, कुणी राजघराण्यासारखं ‘जीएई’नं. ज्ञानेशचं कागदोपत्री काय होतं ते विचारूच नका. आपल्याकडे कित्येक पासपोर्टांत ‘गिव्हन नेम’च्या रकान्यात मुलाच्या नावामागे वडिलांचं नावही असतं, तिकडच्या नोंदीत कधी दोन्ही पहिल्या नावात राहतात, कधी वडिलांचं गळतं. दोन्ही प्रकारे शोधा, मग नाव-आडनाव उलटं करून. पासपोर्टात आडनावाचा रकाना कोरा असेल तर व्हिसावर सगळं नाव आडनावात जातं आणि पहिल्या नावाच्या जागी ‘एफएनयू’ (फर्स्ट नेम अननोन) छापतात. शोधतानाही तेच टाकायचं. आणि जन्मदेश म्हणजे नागरिकत्व नव्हे: पासपोर्ट भारताचा पण जन्म मस्कतचा असेल तर यादीतून ओमान निवडा.

सापडला तर डिटेन्शन सेंटरचं नाव आणि फोन मिळतो. ते नाव कधी काउंटी जेलचंच असतं, कारण आइस भाड्यानं तिथल्या खाटा घेते. ‘ताब्यात नाही’ असं दिसलं तर गेल्या 60 दिवसांत तो आइसच्या ताब्यातून बाहेर पडला, एवढाच अर्थ. सुटला की परत पाठवला हे साइट सांगत नाही. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात हलवताना नोंद मागे राहते, म्हणून सकाळ-संध्याकाळ बघा आणि दर वेळी स्क्रीनशॉट ठेवा. सेंटरला फोन करायचा तर टेक्सासचे सकाळचे नऊ म्हणजे आपल्याकडे उन्हाळ्यात संध्याकाळचे साडेसात, हिवाळ्यात साडेआठ. आपण फोन केला तर आतल्या माणसाला तो जोडून देत नाहीत, तोच बाहेर करतो. तेव्हा अमेरिकेतला एक नंबर त्याला तोंडपाठ असलेला बरा.

दूतावासाला आपोआप कळतं हा समज सोडा. व्हिएन्ना कराराच्या 36 व्या कलमाप्रमाणे अटकेतल्या परदेशी माणसाला त्याचा हक्क सांगावा लागतो, पण दूतावासाला कळवणं सक्तीचं असलेल्या देशांच्या अमेरिकेच्या यादीत भारत नाही. मुलानं स्वतः ‘कळवा’ म्हणायला हवं. घरच्यांनी परराष्ट्र खात्याच्या ‘मदद’ पोर्टलवर तक्रार टाकावी आणि त्या राज्याच्या कॉन्सुलेटला ईमेल करावी: टेक्सास असेल तर ह्यूस्टन, जॉर्जिया असेल तर अटलांटा. पासपोर्टचं पहिलं पान, व्हिसा, विद्यार्थ्याचा आय-20 किंवा नोकरीच्या व्हिसाची मंजुरी-नोटीस आय-797 आणि ओपीटी कार्डाच्या दोन्ही बाजू घरी स्कॅन करून ठेवलेल्या असतील तर हे अर्ध्या तासाचं काम आहे. लायसन्सची तारीखही त्याच फाइलमध्ये लिहून ठेवा. एच-वन-बीचं, म्हणजे नोकरीच्या व्हिसाचं, एक्स्टेन्शन रखडलं की लायसन्सही संपतं, आणि जॉर्जियात वैध लायसन्स नसताना गाडी चालवली तर अटक होऊ शकते.

पाचपैकी तीन गुण. फुकट आणि सरकारी आहे म्हणून तीन; नावाचा हट्ट आणि ‘ताब्यात नाही’चा मोघमपणा यासाठी दोन कापले. ए-नंबर हाती आला की या साइटशी फारसं काम उरत नाही. इमिग्रेशन कोर्टाच्या केस माहितीच्या वेगळ्या साइटवर तोच नंबर आणि देश टाकला की पुढची तारीख, कोर्ट आणि न्यायाधीशाचं नाव दिसतं. नोटीस कोर्टात दाखल व्हायच्या आधी मात्र तिथेही ‘केस नाही’ असंच येतं.