बटर ऑइल म्हणजे तूप नव्हे हो!

बेकरीचं सामान मिळतं त्या दुकानातून एक लिटर बटर ऑइल आणलं, दुकानदार म्हणाला "तूपच आहे, बिनधास्त घ्या". घरी गरम वरणभातावर सोडलं तर वासच नाही, नुसतं पिवळंधमक! सासूबाई म्हणाल्या, तेल ओतलंस का गं?

चूक मालाची नाही म्हणा. हे कारखान्यात लोणी वितळवून सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून काढतात, उरलंसुरलं पाणी व्हॅक्युममध्ये उडवतात, म्हणजे बेरी तांबूस व्हायचा प्रश्नच नाही आणि तुपाचा खमंगपणा तर तिथूनच येतो, शिवाय आपलं विरजणाच्या लोण्याचं असतं ती चव वेगळीच. क्लॅरिफाइड बटर यांच्या मधलं, बेरीला रंग यायच्या आधीच गाळून घेतलेलं. फॅट बघाल तर कोडेक्सच्या, म्हणजे खाद्यपदार्थांच्या आंतरराष्ट्रीय मानकांच्या, नियमात तूप काय नि बटर ऑइल काय, दोघांनाही किमान ९९.६ टक्के, त्यामुळे लेबलवरचे आकडे बघून काही कळत नाही, नाव वाचा.

नानकटाई मात्र यात झकास झाली, मस्त खुसखुशीत. बेकिंगला चार स्टार, पुरणपोळीवर घ्यायला एक. तोही रंगासाठी. दुकानदाराला शून्य.