ऑटोलाइट ४५: १९६५-६६ च्या मस्टँगसाठी

फोर्डने १९६१ मध्ये ऑटोलाइट हे नाव आणि त्यांचा स्पार्क प्लगचा कारखाना विकत घेतला, म्हणून मस्टँगच्या २८९ घन इंची व्ही८ इंजिनात कारखान्यातूनच ऑटोलाइटचे बीएफ४२ स्पार्क प्लग यायचे. आज त्याजागी ऑटोलाइट ४५ बसतो. १८ मिमी आटे, १३/१६ इंची पाना, निमुळती बैठक. या बैठकीला वॉशर नसतो, आणि घोटाळा इथेच होतो: कुणी सवयीने वॉशर घालतं, बैठक नीट टेकत नाही, कॉम्प्रेशन गळतं.

गॅप, म्हणजे ठिणगी जिथे उडते ती प्लगच्या टोकाची फट, डबीतून येते तशी ठेवू नका. पॉइंट्सच्या (इलेक्ट्रॉनिक नसलेल्या, जुन्या पद्धतीच्या) इग्निशनला ०.०३४ इंच, म्हणजे ०.८६ मिमी, वायर गेजने मोजून. आधी हाताने फिरवा, मग टॉर्क पान्याने १५ ते २० फूट-पाउंडपर्यंत आवळा. जास्त आवळला तर पुढच्या वेळी निघता निघत नाही.

प्रदर्शनासाठी जुने न वापरलेले बीएफ४२ शोधणारे बरेच. छापील अक्षरं झकास दिसतात, पण प्लगच्या पांढऱ्या चिनीमातीवर केसाएवढी चीर असली तरी ठिणगी बाहेरूनच पळते. नख फिरवून पाहा. रोज चालवायच्या गाडीला ४५च घाला. इंजिन तेल जाळत असेल आणि टोकं काळी ओली होत असतील, तर एक पायरी गरम, म्हणजे ज्याचं टोक जास्त तापतं असा, ऑटोलाइट ४६.