कागद खरा, गाडी दुसरीच: जुन्या मॅटाडोरचे फिरते घर करताना झालेली फसवणूक

महाराष्ट्रात गेल्या काही वर्षांत फिरत्या घरांची हौस वाढली आहे. राज्य शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले, परंतु तयार कॅराव्हॅनची किंमत सामान्य नोकरदाराच्या आवाक्याबाहेरच राहिली, आणि त्यामुळे जुनी मॅटाडोर किंवा ट्रॅव्हलरसारखी व्हॅन विकत घेऊन तिच्यात पलंग, ओटा, पाण्याची टाकी बसवून घेण्याकडे अनेकांचा ओढा झाला. या ओढ्याचा फायदा घेणारी माणसेही आता तयार झाली आहेत. अशाच एका व्यवहारात आमच्या कुटुंबाचे सुमारे सव्वासहा लाख रुपये गेले. विक्रेत्याचे किंवा गॅरेजचे नाव मी येथे देत नाही, कारण प्रकरण पोलिसांकडे आहे. फसवणूक कशी रचली गेली ते मात्र सविस्तर लिहितो, कारण याच पद्धतीने आणखी गाड्या विकल्या जात असल्याचे मला तपासाच्या ओघात समजले आहे.

मॅटाडोरच का, हे आधी सांगायला हवे, कारण विक्रेत्याच्या बोलण्यातला बराचसा भाग खरा होता आणि त्या खरेपणावरच पुढचे खोटे उभे होते. पुण्याजवळ आकुर्डीच्या कारखान्यात बजाज टेम्पो कंपनीने ही गाडी कित्येक वर्षे बनवली. कंपनीचे मूळ सहकार्य १९५८ पासून जर्मनीतल्या टेम्पो कारखान्याशी होते, पुढे मॅटाडोरला मर्सिडीजच्या परवान्याने बनणारे ओएम ६१६ हे डिझेल इंजिन मिळाले, आणि इंजिनाची ताकद पुढच्या चाकांना जात असल्यामुळे मागचा तळ सपाट व जमिनीपासून फार उंच नसलेला राहिला. फिरत्या घराला असाच तळ लागतो. आमच्या पिढीतल्या कितीतरी जणांनी शाळेत जाताना किंवा लग्नाच्या वऱ्हाडात या गाडीतून प्रवास केलेला आहे, त्यामुळे तिच्याविषयी जिव्हाळाही असतो. विक्रेता हे सगळे जाणून होता.

त्याने दाखवलेली गाडी खाली मोरपंखी आणि वर पांढऱ्या रंगात न्हाऊन निघालेली होती. आत अर्धवट लाकूडकाम झालेले होते, खिडक्यांना नवी रबरे होती, आणि आम्ही पोहोचलो तेव्हा इंजिन आधीच सुरू करून तापवून ठेवलेले होते. नोंदणी प्रमाणपत्र १९९४ सालचे, वर्ग ‘ओम्नी बस (खाजगी वापर)’, पाच वर्षांचे नूतनीकरण झालेले आणि मुदत शिल्लक. परिवहन खात्याच्या संकेतस्थळावर क्रमांक टाकला असता नोंद चालू स्थितीत दिसली, कर्जाचा बोजा नव्हता, दंड थकलेला नव्हता. प्रमाणपत्र तिसऱ्याच माणसाच्या नावावर होते. त्याच्या सह्या केलेले, गाडी दुसऱ्याच्या नावावर करण्यासाठी लागणारे २९ आणि ३० क्रमांकाचे कोरे नमुने (फॉर्म) विक्रेत्याने फाइलमधून काढून दाखवले. “साहेब, कागदांचं तुम्ही काही बघूच नका, ते सगळं आमच्याकडं लागलं,” असे तो म्हणाला. शिवाय गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते, मग फिटनेसची कटकट राहत नाही आणि नंबरही खास मिळतो, असेही त्याने माझ्या पत्नीला आणि मला पुन्हा पुन्हा पटवून दिले.

पावणेतीन लाखांत गाडी ठरली. पाचशे रुपयांच्या मुद्रांकावर करारनामा झाला, नोटरीचा शिक्का बसला, इसार रोखीने आणि उरलेली रक्कम बँकेतून गेली. गाडी तेथेच ठेवून त्याच्या ओळखीच्या गॅरेजमध्ये काम करून घ्यायचे आणि सगळे झाल्यावर एकदमच गाडी नावावर करून द्यायची, अशी अट त्याने घातली. माझ्या मते संपूर्ण फसवणुकीची किल्ली या अटीत आहे. गाडी त्यांच्या ताब्यात, हस्तांतर शेवटी, आणि मधल्या काळात प्रत्येक टप्प्याला हप्ता. परिवहन कार्यालयातल्या कोणाच्याही नजरेला ती गाडी पैसे संपेपर्यंत पडत नाही, आणि तोवर मालकाचे इतके पैसे आत गेलेले असतात की शंका आली तरी तो मागे फिरायला तयार होत नाही.

पुढचे हप्ते ‘फुल इंजिन काम’, तळाचा पत्रा, वायरिंग आणि लाकूडकाम या नावांखाली गेले. बोअर केलेले सिलिंडर, नवे पिस्टन, रिंगा यांची छायाचित्रे मोबाइलवर येत. पावत्या सगळ्या कच्च्या. पक्के बिल मागितले की अठरा टक्के जीएसटी वाढेल असे उत्तर मिळे. एकदा तळाच्या कामाची छायाचित्रे आली, आणि त्यात मागच्या आडव्या पट्टीला स्टेपनीच्या साखळीसाठी पाडलेले मोठे गोल भोक दिसत होते. आमच्या गाडीची स्टेपनी मागच्या दारावर होती आणि तिच्या तळाला असे भोक नव्हते. विचारल्यावर गॅरेजवाल्याने पट्टी बदलल्याचे सांगितले, पण छायाचित्रातली पट्टी जुनी, गंजलेली होती. तेव्हा मी गाडी जशी असेल तशी मागून घेतली आणि बऱ्याच वादानंतर ती आमच्या ताब्यात आली.

नाशिकला आमच्या ओळखीचे एक वृद्ध मिस्त्री आहेत, ज्यांनी उमेदीची वर्षे मॅटाडोर दुरुस्त करण्यातच घालवली. त्यांनी गाडी खालून तपासता यावी म्हणून गॅरेजातल्या खड्ड्यावर घेतली. प्रथम थंड इंजिन सुरू करून ऑइल भरण्याचे झाकण काढले, तेव्हा त्यातून धुराचे झोत एकामागून एक येऊ लागले, म्हणजे रिंगा आणि सिलिंडर जुनेच होते; फक्त जाड ऑइल घालून धूर दाबला होता. मग त्यांनी कापडात गुंडाळलेले चुंबक दाराखालच्या पट्टीवरून फिरवले. ते कुठेच चिकटेना. पेचकसाच्या टोकाने खरवडल्यावर रंगाखालून बोटभर जाडीची लांबी, म्हणजे पत्र्याचे खड्डे बुजवण्याची पुट्टी, निघाली, लांबीच्या मागे जाळी, आणि जाळीच्या मागे दाबून भरलेले वर्तमानपत्राचे बोळे. “साहेब, हा पत्राच नाही. पावसात एक घाट उतरला असता तर पलंग रस्त्यावर आला असता,” असे ते म्हणाले, आणि पुढे बराच वेळ काही न बोलता तळ पाहत राहिले.

त्यानंतर त्यांनी चासी क्रमांकाची, म्हणजे गाडीच्या सांगाड्यावर कोरलेल्या ओळख क्रमांकाची, जागा घासलेटाच्या बोळ्याने पुसून बारीक पॉलिश पेपरने हलकेच घासली. अंक प्रमाणपत्राशी तंतोतंत जुळत होते. पण त्या अंकांभोवती, साधारण हाताच्या पंज्याएवढ्या आयताला, चारही बाजूंनी वेल्डिंगची शिवण होती. ती ग्राइंडरने सपाट करून वर काळा रंग मारलेला होता. कागद ठेवून पेन्सिलने चासी प्रिंट घेतली तेव्हा अंक स्वच्छ उमटले आणि शिवणीची रेघही उमटली. दुसऱ्या एखाद्या गाडीचा क्रमांक असलेला तुकडा कापून या गाडीत बसवला होता, हे त्या कागदाच्या चिटोऱ्यावर लहान मुलालाही दिसले असते.

संकेतस्थळावरची तपासणी का फसली ते येथे स्पष्ट झाले. नोंद खरी होती, प्रमाणपत्र खरे होते. ज्या गाडीचे ते होते ती अपघातानंतर केव्हाच तोडली गेली होती. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५५ नुसार गाडी नष्ट झाली किंवा कायमची निकामी झाली तर मालकाने चौदा दिवसांत किंवा शक्य तितक्या लवकर नोंदणी अधिकाऱ्याला कळवून प्रमाणपत्र परत करायचे असते. हे पुष्कळ मालक करीत नाहीत. गाडी भंगारवाल्याला जाते, तिच्यासोबत आरसी बुक आणि सह्या केलेले कोरे नमुनेही जातात, आणि मग त्या बुकाला स्वतंत्र किंमत येते. आमच्या वाट्याला आलेला सांगाडा भंगार म्हणून घेतलेल्या, कागद नसलेल्या गाडीचा होता, असे पुढे तपासात निष्पन्न झाले. आपली जुनी गाडी तोडायला देणाऱ्या प्रत्येकाने तिची नोंद रद्द करून घेतली, तर या धंद्याला लागणारा कच्चा मालच मिळणार नाही, आणि माझी त्यांना कळकळीची विनंती आहे की त्यांनी हे टाळू नये.

‘व्हिंटेज’ नोंदणीचे आश्वासन तर मुळापासूनच खोटे होते. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये केलेल्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे उलटलेल्या दुचाकी व चारचाकी गाड्यांनाच तो दर्जा मिळतो, नव्या नोंदणीचे शुल्क वीस हजार रुपये आहे, आणि गाडी मूळ स्वरूपात असावी, सांगाडा, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा, अशी अट आहे. १९९४ च्या गाडीला पन्नास वर्षे २०४४ मध्ये होतील. शिवाय अशी गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही, तेव्हा तिच्यातून सहकुटुंब कोकणात फिरण्याचा प्रश्नच येत नाही.

कागद आणि गाडी एकाच वाहनाचे असते तरीही आमचे काम अडले असते. कायद्याच्या कलम ५२ नुसार उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलांशी नोंदणी प्रमाणपत्र विसंगत ठरेल असा बदल गाडीत करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ च्या निकालात ही तरतूद ठामपणे उचलून धरली. अनधिकृत बदल करणाऱ्या मालकाला कलम १८२अ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, अथवा दोन्ही होऊ शकते. खाजगी वापराची कॅम्पर व्हॅन हा परिवहन प्रणालीत वेगळा वर्ग आहे, मोटर कॅराव्हॅनसाठी एआयएस १२४ हे मानकही आहे. म्हणजे कायदेशीर मार्ग बंद नाही. पण एखादी विशिष्ट जुनी गाडी त्या वर्गात बसेल की नाही, हे आपल्या परिवहन कार्यालयाकडून लेखी विचारल्याशिवाय सुताराला लाकूड आणायला सांगू नये. ‘सगळे करतात, कोणी पकडत नाही’ असे सांगणाऱ्याचे पैसे त्यात अडकलेले नसतात, आणि अपघात झाला की विमा कंपनी नेमके हेच बदल काढून बसते.

ज्यांना ही हौस मनापासून आहे, त्यांना मी जुनी गाडी घेऊच नका असे सांगणार नाही. इसार देण्यापूर्वी चासी क्रमांकाची जागा स्वतः साफ करून शिवण पाहा, पेन्सिलची छाप घ्या, इंजिनाच्या ब्लॉकवरचा क्रमांकही पडताळा, आणि राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या ‘वाहन समन्वय’ सेवेवर हे क्रमांक चोरीच्या नोंदीशी ताडून घ्या. प्रमाणपत्रावर ज्याचे नाव आहे तो माणूस समोर बसल्याखेरीज व्यवहार करू नका. कोऱ्या नमुन्यांवरची सही म्हणजे मालकाची संमती नव्हे. इंजिन पूर्ण थंड असताना सुरू करून पाहा, आणि मिस्त्री विक्रेत्याने सुचवलेला नसावा. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे गाडी आधी नावावर झाली पाहिजे आणि दुरुस्ती नंतर, तीही दुसऱ्या गॅरेजात, पक्क्या बिलावर. बदललेले जुने सुटे भाग परत मागून घ्यावेत, म्हणजे काम झाल्याचा पुरावा हातात राहतो.

आमच्या तक्रारीला पोलीस ठाण्यात सुरुवातीला ‘हा दिवाणी वाद आहे’ असे उत्तर मिळाले. गॅरेजने काम केले नाही एवढेच लिहिले असते तर कदाचित ते तेथेच थांबले असते. चासीचा तुकडा, पेन्सिलची छाप, मिस्त्रींचे लेखी निवेदन आणि दुसऱ्याच गाडीची छायाचित्रे जोडून पुन्हा अर्ज दिला तेव्हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८(४) खाली गुन्हा नोंदला गेला. गाडी मुद्देमाल म्हणून जमा झाली आहे, त्यामुळे ज्यांच्याकडे अशी गाडी सापडेल त्यांनी तिला हात न लावता, रंग किंवा वेल्डिंग न करता, आहे त्याच स्थितीत पोलिसांना दाखवावी. ती दुसऱ्याच्या गळ्यात मारण्याचा विचार केला तर आपणच आरोपी होतो. गॅरेजच्या सेवेबद्दलची तक्रार जिल्हा ग्राहक आयोगाकडे वेगळी करता येते. तिला कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, ‘ई-जागृती’ या ग्राहक तक्रारींच्या संकेतस्थळावरून ती घरबसल्या दाखल होते, आणि १९१५ या ग्राहक मदत क्रमांकावर आधी सल्लाही मिळतो. इसाराची रक्कम ऑनलाइन पाठवल्यानंतर विक्रेता नाहीसा झाला असेल तर मात्र आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन करावा, कारण पैसे पुढच्या खात्यांत जाण्यापूर्वी गोठवता आले तरच ते परत मिळण्याची शक्यता राहते.