सेप्टिक टाकी: बांधून घ्यायची की तयार आणायची?

2021 मध्ये 23 गावं पुणे महापालिकेत आली. हद्द एका आदेशात वाढते, ड्रेनेजची लाइन तशी येत नाही. म्हणून कडेच्या भागात बंगला बांधणाऱ्यासमोर हा प्रश्न अजून आहेच.

बांधलेल्या टाकीचं माप आपल्या हातात असतं आणि स्लॅब भक्कम घातला तर वर गाडी लावता येते. मानकाप्रमाणे रुंदी किमान 75 सेंमी, पाण्याची खोली किमान 1 मीटर आणि लांबी रुंदीच्या दुप्पट ते चौपट हवी. सगळी मेख कारागिरीत. आमचा गवंडी शेवटपर्यंत ‘सेफ्टी टाकी’ म्हणत होता आणि मधली भिंतच विसरला होता! ती भिंत असली की गाळ आणि वरची साय पहिल्या कप्प्यात अडकते, मधलं पाणी तेवढं पुढे जातं. तळाला आणि आतून वॉटरप्रूफ प्लॅस्टर नसेल तर मैलापाणी झिरपत बोअरपर्यंत पोचतं.

तयार टाकी, म्हणजे प्लास्टिकची किंवा फायबरची, गळत नाही आणि एक-दोन दिवसांत बसते. पण ती हलकी. भर पावसाळ्यात भूजल वर आलेलं असताना रिकामी केली, तर जमिनीतून वर उचलली जाते. म्हणून भराव टाकताना आत पाणी भरत जायचं आणि उपसा उन्हाळ्यात करायचा. वर वेगळा स्लॅब न घालता गाडी लावाल तर टाकी चेपलीच म्हणून समजा.

खरं तर टाकीपेक्षा शोषखड्ड्याची, म्हणजे टाकीतून बाहेर पडणारं पाणी जमिनीत जिरवणाऱ्या खड्ड्याची, काळजी जास्त करावी. मुरमात पाणी जिरतं. काळ्या मातीत किंवा चार फुटांवर कातळ लागला तर टाकी कुठलीही घ्या, पावसाळ्यात संडासातलं पाणी उतरणार नाही. आधी खड्डा खणून त्यात पाणी ओतून बघा. विहीर किंवा बोअर शोषखड्ड्यापासून किमान 18 मीटर लांब हवी.

देखभाल दोन्हींची सारखीच: दर दोन-तीन वर्षांनी उपसा. वाईत नगरपालिकेनं वेळापत्रक लावून घरोघरी उपसा सुरू केला. आपल्याकडे मात्र तुंबल्याशिवाय कोणी उपशाची गाडी बोलावत नाही. शेण, गूळ, पावडरच्या पुड्या यांनी गाळ नाहीसा होत नाही. ॲसिडचा मारा उलट आतले जिवाणू मारतो.

माझं मत विचाराल तर चार-पाच माणसांच्या घराला, पार्किंगपासून दूर जागा असेल, तर तयार टाकी. भाडेकरू ठेवणार असाल किंवा टाकी पार्किंगखालीच येणार असेल, तर बांधलेली, पण मधली भिंत स्वतः उभं राहून बघायची.

आणि झाकण फरशीखाली गाडू नका. आम्ही गाडलं होतं. सक्शनची गाडी दारात उभी आणि आम्ही छिन्नी-हातोडा घेऊन अंगणात. झाकण उघडल्यावर कोणालाही आत उतरवायचं नाही. आतला वायू क्षणात माणूस पाडतो, आणि 2013 च्या कायद्यानं अशी सफाई करून घेणं गुन्हा आहे. गाडीचा पाइप झाकणापर्यंत पोचेल अशी जागा मात्र आत्ताच, नकाशातच ठेवा.